१८० हर्ट्झचा मॉनिटर १४४ वरच का अडतो?

प्रश्न जळगावचा आहे. २७ इंची, २५६० × १४४० आणि १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा मॉनिटर घेतला. पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. खोक्यातली एचडीएमआय केबल लावली तर विंडोजमध्ये १४४ हर्ट्झच्या वरचा पर्यायच दिसत नाही. गोलाणी मार्केटमधून ‘८के, २.१’ छापलेली केबल आणली, तरी तेच. दोष मॉनिटरचा, केबलचा की कार्डाचा? आणि पुढे ४के (३८४० × २१६०), १४४ हर्ट्झचा घ्यायचा झाला तर काय बघून घ्यावं?

भाऊ, दोष तिघांपैकी कोणाचाच नाही. या वर्गातल्या बहुतेक मॉनिटरना मागे दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असतं. त्यातले एचडीएमआय २.० चे असतात आणि डिस्प्लेपोर्ट १.४ चं. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: एचडीएमआयवर १४४ हर्ट्झ, डिस्प्लेपोर्टवर १८० हर्ट्झ. डिस्प्लेपोर्टची केबल लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन १८० निवडा, काम झालं. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण ४के घ्यायचा असेल तर हा हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी फसायला होणार नाही.

२५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट लागतात. हे चित्र सेकंदाला १८० वेळा पाठवायचं म्हणजे सुमारे १५.९ अब्ज बिट, म्हणजेच १५.९ गिगाबिट. पण फक्त ठिपके पाठवून भागत नाही. दोन ओळींच्या मध्ये आणि दोन चित्रांच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते, तिला ब्लँकिंग म्हणतात. ती धरली की आकडा सुमारे १७.९ वर जातो.

आता रस्ता बघा. एचडीएमआय २.० च्या खोक्यावर १८ गिगाबिट लिहिलेलं असतं. १७.९ तर त्यात मावायला हवेत, असं वाटतं. फसगत इथेच होते. या पद्धतीत प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात, त्यामुळे १८ मधले १४.४ गिगाबिटच चित्राच्या वाट्याला येतात. १४४ हर्ट्झला लागतात १४.१. म्हणजे १४४ जेमतेम बसतं आणि १८० बसत नाही. तुमच्या मॉनिटरचा १४४ हा आकडा असा गणितातून आलेला आहे.

सगळ्या पोर्टचे आकडे एकदा लिहून ठेवा. पहिला खोक्यावरचा, दुसरा प्रत्यक्ष चित्राला मिळणारा, दोन्ही गिगाबिट दर सेकंदाला:

एचडीएमआय १.४: १०.२, त्यातले ८.१६
एचडीएमआय २.०: १८, त्यातले १४.४
एचडीएमआय २.१: ४८, त्यातले सुमारे ४२.६
डिस्प्लेपोर्ट १.२: २१.६, त्यातले १७.२८
डिस्प्लेपोर्ट १.४: ३२.४, त्यातले २५.९२
डिस्प्लेपोर्ट २.१, सर्वात वरचा वेग: ८०, त्यातले सुमारे ७७.४

आणि साध्या ८ बिट रंगात (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८ बिट) मॉनिटरची गरज अशी (‘पी’ म्हणजे उभ्या दिशेचे ठिपके, तुमचा मॉनिटर १४४०पी; त्यापुढचा आकडा हर्ट्झचा): १०८०पी १४४ ला ८, १०८०पी २४० ला १४, १४४०पी १४४ ला १४.१, १४४०पी २४० ला २४.६, ४के ६० ला १२.५, ४के १२० ला २५.८, ४के १४४ ला ३१.४, ४के २४० ला ५४.८. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी सोय, चालू करून १० बिट रंग घेतला की यातला प्रत्येक आकडा सव्वापट करायचा. म्हणूनच एचडीएमआय २.० वर १४४०पी १४४ नीट चालत असतं आणि एचडीआरचं बटण दाबताच रंगांत तडजोड होते किंवा वेग खाली येतो. १४.१ चे १७.६ झालेले असतात.

केळीला ठिबक बसवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मोटर कितीही मोठी घ्या, मेनलाइन तीन इंची टाका, पण मध्ये कुठे एक इंची तुकडा जोडला असेल तर शेवटच्या झाडाला पाणी त्या एक इंचाच्या हिशेबानेच मिळतं. कार्डाचं पोर्ट, केबल आणि मॉनिटरचं पोर्ट या तिघांत जो सर्वात अरुंद, तोच वेग ठरवतो. तुम्ही मेनलाइन बदलली, अरुंद तुकडा मॉनिटरच्या पोर्टात होता. फरक एवढाच की पाणी थोडं कमी, थोडं जास्त असं येऊ शकतं. चित्राचं तसं नसतं. ठरलेला वेग पूर्ण मावला तरच तो मिळतो, नाहीतर मॉनिटर थेट खालच्या पायरीवर उतरतो किंवा पडदा काळा ठेवतो.

केबलवर छापलेल्या ‘२.१’ ला फार महत्त्व देऊ नका. एचडीएमआयच्या नियमांत केबलला आवृत्तीचा आकडा नसतोच, केबलचे वर्ग असतात. हाय स्पीड म्हणजे १०.२ गिगाबिटचा वर्ग, प्रीमियम हाय स्पीड १८ चा आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ चा. केबलच्या अंगावर ‘अल्ट्रा हाय स्पीड एचडीएमआय केबल’ हे शब्द इंग्रजीत छापलेले असायला हवेत. खोक्यावर क्यूआर कोडचं प्रमाणपत्राचं लेबल हवं, आणि एचडीएमआयच्या ॲपने स्कॅन केल्यावर त्यात केबलचं नाव-लांबी जुळायला हवी. नुसतं ‘८के’, ‘२.१’, ‘४८ जी’ कोणीही छापू शकतो. गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर घेण्याचा फायदा हाच की खोकं हातात घेऊन तिथल्या तिथे स्कॅन करता येतं. लेबल नसेल तर दुसरी दाखवायला सांगा. यात संकोच करायचं कारण नाही.

पोर्टाच्या बाबतीत उलटी गंमत आहे. तिथे २.१ लिहिलेलं असलं तरी ४८ गिगाबिट मिळतीलच असं नाही. २.० ची वैशिष्ट्यं आता २.१ मध्येच सामावून घेतली आहेत, त्यामुळे १८ गिगाबिटच्या पोर्टालाही निर्माता २.१ म्हणू शकतो. शिवाय खऱ्या २.१ मध्येही २४, ३२, ४० आणि ४८ अशा पायऱ्या आहेत. प्लेस्टेशन ५ मध्ये २.१ आहे, पण त्याची पायरी ३२ ची. म्हणून मॉनिटर बघताना आवृत्ती न विचारता असं विचारायचं: ‘एचडीएमआयवर या रिझोल्यूशनला जास्तीत जास्त किती हर्ट्झ?’ याचं उत्तर मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतंच. दुकानदाराकडे नसलं तर मॉडेल नंबर घ्या आणि निर्मात्याच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून बघा.

केबल खरंच कुठे कमी पडते तेही समजून घ्या. एचडीएमआय २.० मध्ये तीन जोड्या चित्र नेतात, प्रत्येकी ६ गिगाबिट. चौथी जोडी फक्त क्लॉकची, ताल धरणारी, आणि तिच्यावरचा वेग फार कमी असतो. २.१ च्या पूर्ण वेगात ही चौथी जोडीही चित्राच्या कामाला लागते आणि चारही जोड्यांवर प्रत्येकी १२ गिगाबिट धावतात. जुन्या केबलमधली क्लॉकची जोडी आयुष्यात कधी इतक्या वेगाने चाललेली नसते. तिच्यात कुठे कसर राहिली असेल तर ४के ६० ला ती कळतच नाही आणि ४के १२० लावलं की पडदा काळा पडतो. ‘कालपर्यंत हीच केबल चालत होती’ ही तक्रार खरी असते, आणि केबल कमी पडते हेही तितकंच खरं असतं.

वेग वाढला की तांब्यात सिग्नल लवकर विरतो, म्हणून लांबी महत्त्वाची. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या पूर्ण वेगाला साधी केबल २ मीटरपर्यंत ठेवा. एचडीएमआय २.१ ला ३ मीटरपर्यंत निर्धास्त राहा, त्यापुढे प्रमाणपत्र बघितल्याशिवाय घेऊ नका. टेबलावरच्या पीसीला दीड मीटर पुष्कळ होतं. जास्तीची केबल गुंडाळून टेबलामागे कोंबण्यापेक्षा आखूड घेतलेली बरी. तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात लिहिलेली असते आणि आकडा लहान तेवढी तार जाड. २८ ची तार ३२ पेक्षा जाड असते. फार स्वस्त केबलमध्ये आत तांब्याऐवजी वर तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद किंवा ॲल्युमिनियम असतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकाला मात्र जादा पैसे मोजू नका. तो गंज टाळतो, चित्र सुधारत नाही. डिजिटल केबलमध्ये महाग म्हणून रंग जास्त खुलतात असं काही नसतं. केबल एकतर त्या वेगाला पुरते किंवा पुरत नाही.

१० मीटरवर जायचं असेल, म्हणजे पीसी एका खोलीत आणि मोठा पडदा हॉलमध्ये, तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल लागते. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, उलटी लावली तर काहीच दिसत नाही. भिंतीतल्या पाइपातून ओढण्याआधी ती टेबलावर जोडून पूर्ण वेगाला तासभर चालवून बघा. प्लास्टर झाल्यावर टोकं उलटी निघाली तर त्रास फार होतो.

डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये एक वेगळीच भानगड असते, तिचं नाव पिन २०. या पिनेवर पोर्टातून ३.३ व्होल्ट वीज येते. ती छोट्या कन्व्हर्टरसाठी असते. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट असलेल्या साध्या केबलमध्ये या पिनेची तार आरपार जोडायची नाही असा नियम आहे. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते. लक्षणं अशी: पीसी बंद केला तरी कार्डाचे किंवा मदरबोर्डाचे दिवे मंद तेवत राहतात, किंवा पीसी पहिल्या दमात सुरू होत नाही आणि केबल काढली की लगेच होतो. तपासायचं असेल तर पीसी पूर्ण बंद करा, एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायचा, मागचा स्विचही बंद करा आणि मॉनिटर चालू ठेवून केबल लावा. आत कुठे दिवा लागला तर ती केबल वापरातून काढून टाका. अशा केबलने कार्ड धोक्यात येतं. नवी घेताना व्हेसाचं, म्हणजे डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र असलेली घ्या. १.४ साठी तिला ‘डीपी८के’ म्हणतात, २.१ साठी टोकावर ‘डीपी४०’, ‘डीपी५४’ किंवा ‘डीपी८०’ लिहिलेलं असतं. काढताना टोकावरचं बटण दाबूनच काढा. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला अडकणारे दोन छोटे हूक असतात, तसंच ओढलं तर पोर्ट बोर्डावरून सैल होतं.

आता तुमच्या पीसीवर करायचं ते सांगतो. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा, वर उभ्या रांगेतल्या मदरबोर्डाच्या पोर्टात नाही. ही चूक सर्वांत जास्त होते आणि कार्ड असून नसल्यासारखं राहतं. मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे रिफ्रेश रेटच्या यादीतून १८० निवडा. विंडोज आपणहून बऱ्याचदा ६० वरच ठेवतं आणि लोक १८० हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर वापरत राहतात. त्याच पानावर ‘ॲक्टिव्ह सिग्नल मोड’ अशी ओळ असते. मॉनिटरला खरोखर काय जातंय ते तिथे दिसतं, तीच खरी धरा.

तरीही १६५ च्या वर येत नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर आहे का बघा. १.२ मध्ये १७.२८ गिगाबिट मावतात. १६५ हर्ट्झला १६.३ लागतात, ते बसतात. १८० चे १७.९ बसत नाहीत. काही मॉनिटर जुन्या कार्डांशी जुळावं म्हणून कारखान्यातूनच १.२ वर येतात. मेन्यूत १.४ करा, मॉनिटर बंद-चालू करा, १८० यादीत येईल. याच मेन्यूत ॲडॅप्टिव्ह सिंकही, म्हणजे मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय, चालू करून टाका.

रंग फिके आणि काळा राखाडीसारखा वाटत असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘चेंज रिझोल्यूशन’ उघडा आणि आउटपुट कलर फॉरमॅट आरजीबी, डायनॅमिक रेंज फुल करा. एचडीएमआयवर कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून लिमिटेड रेंज पाठवतं, तेव्हा असं होतं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ४:४:४, ४:२:२ आणि ४:२:० हे आकडे. रस्ता अपुरा पडला की वेग राखण्यासाठी रंगाची माहिती कमी केली जाते. ४:४:४ म्हणजे पूर्ण. ४:२:० मध्ये चार ठिपक्यांना मिळून एकच रंग जातो, उजेड मात्र प्रत्येकाचा वेगळा. सिनेमात हे जाणवत नाही, मजकुरात लगेच जाणवतं आणि देवनागरीत तर फारच. करून बघा: निळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात १२ पॉइंटमध्ये ‘संध्याकाळी वीज गेली’ असं लिहा. पूर्ण रंगात शिरोरेषा सरळ आणि कापल्यासारखी दिसते. ४:२:० असेल तर शिरोरेषेच्या कडा निळ्यात विरघळतात, वेलांटी जाड होते आणि ‘सं’ वरचा अनुस्वार नुसता डाग वाटतो. हेच वाक्य पांढऱ्यावर काळ्यात लिहिलं तर फरक जवळपास दिसत नाही, म्हणून तपासणी रंगीत अक्षरांनीच करायची. डीटीपी, अकाउंट्स किंवा कोडिंग करणाऱ्याने १४४ साठी रंग सोडू नये. १२० वर उतरून ४:४:४ ठेवावं, माझं मत अगदी स्पष्ट आहे.

आता पुढच्या मॉनिटरकडे वळू. ४के १४४ ला ८ बिटमध्ये ३१.४ आणि १० बिटमध्ये ३९.२ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.४ कडे आहेत २५.९२. मग बाजारात डिस्प्लेपोर्ट १.४ चेच ४के १४४ मॉनिटर कसे मिळतात? उत्तर आहे डीएससी, चित्र दाबून पाठवायची व्हेसाची पद्धत. कार्ड चित्र दाबतं, मॉनिटर उलगडतो, आणि हे जवळपास तत्क्षणी होतं. डोळ्याला फरक कळणार नाही इतक्या काळजीने ती बनवलेली आहे, तेव्हा ‘कॉम्प्रेशन’ शब्द ऐकून घाबरू नका. ४:२:० पेक्षा ही कैक पटीने चांगली. अट एकच, कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही डीएससी यायला हवी. एनव्हिडियात जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे आहे, एएमडीत आरएक्स ५००० पासून पुढे. जीटीएक्स १० च्या मालिकेत नाही. १०७० किंवा १०८० वर ४के घेतलात तर पूर्ण रंगात १२० हर्ट्झवर थांबावं लागेल, तेही ८ बिटमध्ये. २०१८ मध्ये आलेल्या पहिल्या ४के १४४ मॉनिटरना १४४ गाठायला ४:२:२ वर उतरावं लागायचं, ते डीएससी नसल्यामुळेच.

तुमच्या ३०६० ला डीएससीही आहे आणि एचडीएमआय २.१ ही, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मॉनिटरचं एचडीएमआय खरोखर ४८ गिगाबिटचं असेल तर ४के १४४ दहा बिटमध्ये न दाबताही मावतं. ४के २४० वर मात्र ५४.८ लागतात. तिथे डीएससी किंवा डिस्प्लेपोर्ट २.१ चा सर्वात वरचा वेग लागतो. पण डिस्प्लेपोर्ट २.१ म्हटलं की ८० गिगाबिट आलेच असं समजू नका. त्यातही ४०, ५४ आणि ८० अशा पायऱ्या आहेत आणि कार्ड, केबल, मॉनिटर तिघेही त्या पायरीचे लागतात. ९६ गिगाबिटचं एचडीएमआय २.२ सुद्धा २०२५ मध्ये जाहीर झालं आहे, पण ४के १४४ साठी त्याची वाट बघत बसू नका.

लॅपटॉपवर मॉनिटर लावणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कार्ड भारी असलं तरी बऱ्याच लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ किंवा २.० चं असतं, ते स्पेसिफिकेशनमध्ये बघा. टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे चित्र येतंच असं नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं (विजेच्या आकाराचं) चिन्ह हवं. मोबाइलच्या चार्जरची सी-टू-सी केबल चित्राला चालत नाही, कारण तिच्यात वेगाच्या तारा घातलेल्याच नसतात. आणि टाइप-सी मॉनिटरचे स्वतःचे यूएसबी पोर्ट यूएसबी ३ च्या वेगावर ठेवलेले असतील तर केबलमधल्या वेगाच्या चारपैकी दोन वाटा यूएसबीला जातात. मग डिस्प्लेपोर्ट १.४ चे २५.९२ अर्धे होऊन १२.९६ उरतात. त्यात ४के ६० बसतं, १४४०पी १२० बसतं, १८० नाही. काही मॉनिटरच्या मेन्यूत यूएसबी ३ ऐवजी यूएसबी २ निवडता येतं, ते केलं की चारही वाटा चित्राला परत मिळतात.

कन्व्हर्टर घेताना दिशा बघा. पीसीच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारा साधा कन्व्हर्टर स्वस्तात मिळतो. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टात जायचं तर आत चिप असलेला, यूएसबीतून वीज घेणारा लागतो. साधा उलटा लावून चालत नाही.

बिघाड शोधताना मी आधी रिफ्रेश रेट ६० वर आणायला सांगतो. पडद्यावर पांढरे-रंगीत ठिपके चमकत होते, किंवा एक-दोन सेकंद पडदा काळा होऊन परत येत होता, आणि ६० वर ते थांबलं, तर केबल किंवा पोर्ट त्या वेगाला पुरत नाही. ६० वरही तेच होत असेल तर केबलच्या वर्गाचा संबंध कमी. सैल पोर्ट, वीज किंवा कार्ड बघा.

खान्देशात विजेचा भाग सोडून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो आणि त्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असतो. कूलर किंवा पंप चालू-बंद करताना मॉनिटर क्षणभर काळा होत असेल तर मॉनिटरला दोष देऊ नका. मोटरच्या स्विचिंगचा झटका कमी शिल्डच्या केबलमध्ये शिरतो आणि सिग्नल तुटतो. कूलर वेगळ्या बोर्डवर घ्या, चित्राची केबल विजेच्या वायरीपासून वीतभर लांब न्या, लांब केबलच्या जागी आखूड, प्रमाणित केबल लावा. बहुतेक वेळा एवढ्याने थांबतं.

अर्थिंग याहून गंभीर आहे. अर्थिंग नसलेल्या प्लगवर पीसीचं लोखंडी कॅबिनेट जमिनीशी न जोडलेलं, अधांतरी राहतं. मीटरने मोजलं तर त्याच्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दिसू शकतात. करंट किरकोळ असतो, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात. पण एचडीएमआयचं टोक पोर्टाला टेकताना बारीक ठिणगी पडते आणि पोर्टाची चिप जाऊ शकते, मग ती केबल कुठलीही असो. जुन्या घरांतला मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो आणि त्याचा उपयोग उरत नाही. त्यात अधूनमधून पाणी घालत जा. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज ते अर्थ सुमारे २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत असावं. पीसीला टू-पिन कन्व्हर्टर लावू नका. आणि केबल लावताना-काढताना पीसी आणि मॉनिटर दोघांचे स्विच भिंतीवरून बंद ठेवा. सेट-टॉप बॉक्सची डिशची वायरही त्याच टीव्हीला आलेली असेल तर पावसाळ्यात हे कटाक्षाने पाळा.

राहिली तुमची ती ‘८के’ केबल. क्यूआर स्कॅन करून बघा. प्रमाणित निघाली तर परत करू नका, ४के मॉनिटर येईल तेव्हा तीच लावायची आहे. लेबल नसेल तर पावती आहे तोवर बदलून दीड मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल घ्या. त्याआधी मॉनिटरचं खोकं मात्र एकदा पूर्ण रिकामं करून बघा. स्टँडखालच्या थर्माकोलच्या खाचेत डिस्प्लेपोर्टची केबल बऱ्याचदा दिलेलीच असते.